एन-९५ लावूनही क्लोरीनचा वास येतो, म्हणजे मास्क खोटा का?

प्रश्न गडचिरोलीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचा आहे. रोज सकाळी हायपोक्लोराइटचं, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशकाचं, द्रावण करताना त्यांचे नाक-डोळे चुरचुरतात. आठवड्यातून एक-दोनदा ग्लुटारल्डिहाइडचा (अवजारं बुडवायच्या जंतुनाशकाचा) ट्रे बदलावा लागतो, त्या दिवशी डोकं धरतं. पुरवठ्यातून आलेला एन-९५ लावला तरी वास आत येतोच. त्या विचारतात: हा मास्क बोगस आहे का? एकावर एक दोन लावले तर चालतील का? फरशी पुसणाऱ्या मावशींना महिनाभर खोकला आहे, त्याचा याच्याशी संबंध असेल का? डॉक्टर रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून चांगले मास्क घ्यायला तयार आहेत, तर कोणते घ्यावेत?

ताई, मास्क बोगस असेलही, पण वास आला म्हणून तो बोगस ठरत नाही. अस्सल, नवाकोरा, चेहऱ्याला घट्ट बसलेला एन-९५ असता तरी तुम्हाला वास आलाच असता. तो मास्क त्या कामासाठी बनवलेलाच नाही. त्यामुळे ‘कोणता मास्क’ हा प्रश्न मी जरा मागे ठेवते. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की तुमच्या खोलीत एवढी वाफ तयारच का होते? मी २४ वर्षं यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या ग्रामीण रुग्णालयांत काढली, शेवटची ९ संसर्ग नियंत्रणाचं काम बघत. ‘मास्क बदलून द्या’ म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या बहुतेक बादली, खिडकी नाहीतर माप बदलून मिटल्या. मास्क विकत घ्यावा लागला तो मोजक्या ठिकाणी.

तरी मास्कचं आधी समजून घेऊ, कारण गैरसमज तिथेच आहे. एन-९५ हे अमेरिकन मानकाचं नाव. तेलकट नसलेले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण किमान ९५ टक्के अडवायचे, एवढीच त्याची हमी. आपल्याकडे त्याच्या जवळपासचा मास्क आयएस ९४७३ या भारतीय मानकाखाली एफएफपी-२ म्हणून मिळतो. टीबीच्या पेशंटच्या खोकल्यातून उडणारे थेंब, धूळ, पावडर हे सगळे कण, आणि ते या मास्कच्या धाग्यांना चिकटून बसतात. क्लोरीन किंवा ग्लुटारल्डिहाइडची वाफ म्हणजे कण नव्हे. ती हवेतच मिसळलेली असते, आणि तुमचा श्वास ज्या वाटेनं आत येतो त्याच वाटेनं तीही येते. तुमच्या भागात मलेरियासाठी गावोगाव मच्छरदाण्या वाटल्या जातात. मच्छरदाणीत डास अडतो. अंगणात वाळत घातलेल्या मोहाचा वास अडतो का? मग दोन मच्छरदाण्या लावूनही अडणार नाही. दोन मास्कचं तेच. उलट दोन लावले की श्वास ओढायला जोर लागतो आणि हवा कडेच्या फटीतून आत घुसते, म्हणजे कणांपासूनचं संरक्षणही कमी होतं.

डोळे चुरचुरतात हे तुम्हीच लिहिलंय. डोळ्यांवर तर मास्क नाहीच. म्हणजे तुम्ही उभ्या असता तिथली हवाच खराब झालेली असते.

आपल्या भागाला हे नव्यानं सांगायला नको खरं तर. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यातलं विष कातडीतूनही गेलं होतं, सगळा दोष नाकाला देता येत नाही. पण ‘तोंडाले दुपट्टा बांधला होता ना वो सिस्टर’ हे नातेवाइकांचं वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं, की अजून कुणी दुपट्ट्यावर किंवा साध्या मास्कवर भिस्त ठेवून रसायनाचं झाकण उघडताना दिसलं की मला तेच आठवतं.

पण हा सगळा शहाणपणा मला आधीपासून होता असं समजू नका. २००९ च्या पावसाळ्यात मी एका ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला होते. दोन बाळंतपणं लागोपाठ झालेली. लेबर रूमला लागून असलेल्या संडासात रक्त आणि लघवी सांडली होती. मावशींनी त्यावर ब्लीचिंग पावडर मूठभरून टाकली. डाग निघेना म्हणून वरून टॉयलेट साफ करायचं ॲसिड ओतलं आणि उकिडवं बसून घासायला लागल्या. दार लोटलेलं, कारण बाहेर नातेवाईक. मी पोचले तेव्हा त्या भिंतीला धरून खोकत होत्या, आणि जमिनीलगत हिरवट-पिवळसर धुकं असल्यासारखं वाटत होतं. मी सर्जिकल मास्कवर ओढणी गुंडाळून आत गेले, त्यांना ओढून काढलं, आणि पुढचे दोन दिवस मीच खोकत होते. मावशींना ऑक्सिजन आणि नेब्युलायझर लागलं. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड असतो, तो खाली साचतो. आणि आपल्या मावशी कामाला बसतात त्या खालीच. त्या रात्रीनंतर मी मास्ककडे बघायच्या आधी बादलीकडे बघायला लागले.

आता तुमच्याकडचं. मी तुमची खोली पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचं काही तुम्हाला लागू पडेल, काही नाही. खोली केवढी, खिडकी उघडते का, द्रावण किती लिटर करता, तुम्हाला किंवा मावशींना आधीपासून दमा आहे का, यावर बरंच बदलतं. पण हायपोक्लोराइट सगळीकडेच आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

पहिली शंका मला मापाची येते. हायपोक्लोराइटचे डबे कधी ५ टक्क्यांचे येतात, कधी १० टक्क्यांचे. १ टक्क्याचं द्रावण करायचं तर ५ टक्क्यांच्या डब्यातलं १ माप आणि पाणी ४ मापं. १० टक्क्यांच्या डब्यातलं १ माप आणि पाणी ९ मापं. भिंतीवर तक्ता एकच चिकटवलेला असतो, पुरवठादार बदलतो, डबा बदलतो, आणि माप तेच राहतं. म्हणजे दुप्पट कडक द्रावण रोज तयार होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते नाकाच्या. आजच डब्यावरची टक्केवारी वाचा. त्यात पुन्हा ‘थोडं जास्त टाकलं तर जंतू नक्की मरतील’ ही आपली जुनी सवय. जास्त टाकल्यानं जंतू जास्त मरत नाहीत. अवजारं गंजतात आणि फुप्फुसं चुरचुरतात.

ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर लेबर रूमच्या तक्त्यावरचं माप तुम्हाला पाठ असेल: ०.५ टक्क्यासाठी १ लिटर पाण्यात ३ सपाट चमचे, म्हणजे १५ ग्रॅम. हे पावडर ताजी असेल तर. ताज्या पावडरीत ३० टक्क्यांहून थोडा जास्त क्लोरीन असतो. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातली पावडर दमट होऊन गठ्ठे बांधते आणि तिच्यात जोर राहत नाही. मग मावशी अंदाजानं दुप्पट टाकतात, आणि एखाद्या दिवशी नवीन पोतं उघडलेलं असतं. त्या दिवशी सगळ्या वॉर्डाला खोकला.

हा एन-९५ मात्र फेकू नका. पावडर पोत्यातून काढताना, चमच्यानं मापताना आणि थोड्या पाण्यात तिची लापशी करताना पांढरी धूळ उडते, ती नाकात गेली तर चांगलीच झोंबते. ती धूळ म्हणजे कण आहेत, आणि तिथे एन-९५ आपलं काम चोख करतो. जमलं तर सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेटच्या गोळ्या मागवा. पाण्यात टाकायच्या, विरघळतात, धूळ नाही आणि मापाची भानगड नाही.

दुसरी गोष्ट जागा आणि वेळ. विदर्भातला उन्हाळा डोळ्यांपुढे आणा. मार्चपासून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एका खिडकीत कूलर. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर गेला की खिडकी उघडा म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. पण कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती बाहेर जायला समोरची खिडकी उघडी नसेल तर तुमची वाफ त्याच खोलीत गोल फिरत राहते. थंडगार, पण तीच. एक्झॉस्ट फॅन असेल तर उत्तम, फक्त लाइन गेली की तोही बंद. म्हणून मी एका केंद्रात सरळ द्रावण करायचं कामच बाहेर काढलं. मागच्या ओट्यावर, कडुनिंबाखाली, सकाळी सातच्या आत. त्यानं दोन फायदे झाले: हवा मोकळी, आणि गारव्यात द्रावणाचा जोरही टिकतो. उन्हानं आणि उष्णतेनं हायपोक्लोराइट मोडतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला डबा आठवड्याभरात केवढा कमजोर होतो याचा आपण विचारही करत नाही. रोजचं द्रावण रोज, डबा सावलीत, झाकण लावून, आणि बादली प्लॅस्टिकची.

बाहेर करताना वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. बादली जमिनीवर, माणूस उभा, ढवळायला लांब काठी. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या, ‘उभ्यानं का ढवळता येते का वो, आमची सवय बसूनच’. मी म्हटलं, आठ दिवस करून बघा. आठ दिवसांनी त्यांनीच काठीला खालून एक फळी ठोकून घेतली, नीट ढवळता यावं म्हणून. आधी पाणी, मग रसायन. उलटं केलं की कडक रसायनाचे शिंतोडे थेट तोंडावर येतात. पाणी गार घ्यायचं, गरम अजिबात नाही.

तिसरी गोष्ट, जी मी २००९ मध्ये शिकले: क्लोरीनमध्ये काय काय मिसळतं. ॲसिडशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाशी पडली की क्लोरामाइन, तोही तितकाच झोंबतो. लघवीतून अमोनिया येतो, म्हणून लघवी सांडलेल्या जागी ब्लीचिंग पावडर किंवा कडक द्रावण थेट टाकायचं नाही. आधी जुन्या कापडानं किंवा कागदानं टिपून घ्यायचं, साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मग हायपोक्लोराइट. रक्त सांडलं तर त्यावर आधी कागद किंवा कापड झाकायचं, वर १ टक्क्याचं द्रावण ओतून थांबायचं, मग सगळं उचलायचं. घाण आधी निघाली की वास निम्म्यावर येतो, हे तुम्ही एकदा करून बघाल तर पटेल. फिनेल आणि ब्लीच एकत्र करून ‘वास चांगला येते’ म्हणणाऱ्या मावशी सगळीकडे असतात. त्यांना प्रेमानं पण ठामपणे थांबवा.

आणि पंपानं फवारू नका. २०२० मध्ये गावोगाव फवारणीच्या पंपांत हायपोक्लोराइट भरून रस्ते, भिंती आणि एवढंच काय माणसंही भिजवली गेली. त्या एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सूचना काढावी लागली की माणसांवर असलं काही फवारू नका. तुमच्या केंद्रात तो पंप अजून कोपऱ्यात असेल, तर तिथेच राहू द्या. फरशी पुसायची असते.

एवढं केलं तर हायपोक्लोराइटसाठी बहुतेक उपकेंद्रांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना वेगळा मास्क लागत नाही, असं माझं मत आहे. चष्मा मात्र लागतो, बाजूनं बंद असलेला. आणि लांब बाह्यांचे रबरी हातमोजे. तपासणीचे पातळ मोजे या कामाला पुरत नाहीत.

आता ग्लुटारल्डिहाइड. कंपनी कोणतीही असो, वॉर्डात सगळे त्याला सायडेक्सच म्हणतात. त्याची गोष्ट वेगळी आहे, कारण ते नुसतं चुरचुरत नाही. काही जणांचं शरीर त्याच्यावर बिथरतं. एकदा ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या वाफेनंही दमा उसळतो, अंगावर पुरळ येतं. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेनं हवेतली त्याची वरची मर्यादा ०.०५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) धरली आहे, आणि माणसाला त्याचा वास साधारण त्याच्या आसपासच जाणवायला लागतो. म्हणजे सायडेक्सचा वास खोलीभर येत असेल तर ती ‘दवाखान्याची सवय’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे.

म्हणून तुम्हाला माझा उलटा प्रश्न: त्या ट्रेमध्ये तुम्ही ठेवता काय? कात्र्या, आर्टरी फोर्सेप्स, नीडल होल्डर असली धातूची अवजारं असतील, तर ती तिथे असायचं कारणच नाही. ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, गेली पाहिजेत: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, उघडी असतील तर २० मिनिटं आणि कापडात बांधलेली असतील तर ३०. ऑटोक्लेव्ह कपाटात आणि अवजारं सायडेक्समध्ये, हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता हसूही येत नाही. कारण विचारलं तर झाकणाची रबरी रिंग खराब आहे, किंवा लाइनचा भरवसा नाही. रिंग बदलून आणणं मास्कपेक्षा सोपं. ट्रॉलीवरच्या उंच बाटलीत सायडेक्स भरून त्यात चिटल फोर्सेप्स (अवजारं उचलायचा लांब चिमटा) उभा ठेवलेला असेल, तर ती बाटली आजच हलवा. तिचं तोंड दिवसभर उघडं, म्हणजे ती दिवसभर वाफ सोडते, ड्रेसिंग करणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाशी. चिटल फोर्सेप्स ऑटोक्लेव्ह करून कोरडाच ठेवायचा.

जे उष्णता सोसत नाही तेवढंच सायडेक्समध्ये. कुटुंब नियोजनाच्या शिबिरात लॅप्रोस्कोप (पोटात घालायची दुर्बीण) दोन ऑपरेशनांच्या मधे त्यात बुडवतात, तो खरा प्रसंग. शिबिरं असतात हिवाळ्यात; थंडी म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या, आणि एका छोट्या खोलीत चार-पाच तास ट्रे उघडा. तुमचं डोकं ‘धरतं’ ते अशा दिवशी का, हे एकदा तपासा. ट्रेला घट्ट झाकण हवं, आणि अवजार घालताना-काढतानाच ते उघडायचं. द्रावण ओतताना उंचावरून नाही, ट्रेच्या काठाला लावून. ट्रे खिडकीशेजारी, तुमच्या तोंडापासून हातभर लांब. सुरू केलेलं द्रावण किती दिवस चालतं ते डब्यावर असतं, बहुतेकांचं १४ दिवस; झाकणावर पट्टी चिकटवून तारीख घाला. तुम्ही आठवड्यातून एक-दोनदा बदलत असाल, तर विनाकारण जास्त वेळा वाफ अंगावर घेता आहात. हातमोजे नायट्राइलचे, लॅटेक्समधून ग्लुटारल्डिहाइड हळूहळू झिरपतं.

फॉर्मलिनबद्दल, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणाबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण आपल्या भागात अजून काही ठिकाणी ऑपरेशन थिएटरमध्ये फॉर्मलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी देतात. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. ही धुरी बंद करा. चांगलं धुणं-पुसणं आणि गरज पडली तर रिकाम्या खोलीत हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित जंतुनाशक, हा त्याला पर्याय आहे.

इथवर आलात तर आता मास्क. वर सांगितलेलं सगळं करूनही वाफेत काम करावं लागत असेल, उदाहरणार्थ शिबिराच्या दिवशी सायडेक्सजवळच तास न् तास उभं राहायचं असेल, तर लागतो तो कार्ट्रिजचा अर्धचेहरा मास्क. रबराचा किंवा सिलिकॉनचा, दोन्ही गालांजवळ गोल डब्या. या डब्यांत सक्रिय कोळसा असतो, बऱ्याचदा नारळाच्या करवंटीचा. तो वाफ धरून ठेवतो. नाकावर ‘कार्बन’ असं छापलेला घडीचा मास्क मिळतो, त्यातला कोळशाचा पातळ थर वास थोडा दाबतो, त्यावर रसायनासाठी विसंबू नका.

डबी निवडताना गडबड होते. सगळ्या डब्या सगळ्याला चालत नाहीत. ग्लुटारल्डिहाइडला ऑरगॅनिक व्हेपरची, म्हणजे सेंद्रिय रसायनांच्या वाफेची, डबी. क्लोरीनला ॲसिड गॅसची. फॉर्मल्डिहाइडला जिच्यावर स्पष्ट ‘फॉर्मल्डिहाइड’ लिहिलंय तीच, साधी ऑरगॅनिक व्हेपरची त्याला पुरत नाही. रंगावर जाऊ नका. अमेरिकन पद्धतीत ऑरगॅनिक व्हेपरची पट्टी काळी, युरोपीय पद्धतीत तपकिरी, वर ‘ए’ अक्षर. पिवळा तर भलताच फसवतो: अमेरिकन पिवळा म्हणजे ऑरगॅनिक व्हेपर आणि ॲसिड गॅस दोन्ही, युरोपीय पिवळा म्हणजे सल्फर डायॉक्साइडचा गट. आपल्या बाजारात दोन्ही पद्धतींचा माल येतो. रंगाच्या दुकानात किंवा कृषी केंद्रात मिळणाऱ्या दोन डब्यांच्या मास्कमध्ये पुष्कळदा नुसती धुळीची जाळी असते, वाफेची डबी नसतेच. डबीवरचं अक्षर आणि मुदत वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

डबी उघडली की तिचा वेळ सुरू होतो, वापरा की नका वापरू. कोळसा खोलीतलीही वाफ ओढत बसतो, म्हणून काम झालं की मास्क घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा चेनच्या पिशवीत. डबीवर उघडल्याची तारीख मार्करनं. मास्कच्या आत वास आला की डबी संपली समजायची, पण नाकावर फार भरवसा नको. तोच वास रोज घेऊन नाक मरतं. आम्ही वापराचे तास वहीत लिहायचो आणि वास यायच्या आधीच बदलायचो.

तो चेहऱ्याला बसलाय की नाही ते बघायची सोपी रीत: दोन्ही डब्यांवर तळहात दाबायचे आणि हळूच श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून दहा सेकंद तसाच राहिला तर बसलाय. नाकाजवळ हवा शिरली तर पट्टे पुन्हा ओढा. दाढी असेल तर कधीच बसणार नाही. एका परिचरानं मला ‘सिस्टर, दाढी ठेवतो, मास्क नाही लावत’ असं उत्तर दिलं होतं, मग त्याला सायडेक्सच्या कामावरून हलवलं. मे महिन्यात घामानं मास्क घसरतो. त्या दिवसांत एकानं सलग पंधरा-वीस मिनिटांच्या वर लावू नये, आलटून-पालटून करा.

आणि हा मास्क ऑक्सिजन देत नाही. २००९ सारखा प्रसंग घडला, खोलीत वायू भरला, तर हा लावून आत जायचं नाही. विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला की दुसरा तोंडाला दुपट्टा बांधून उतरतो आणि दोघंही जातात, तसंच ते आहे. आत माणूस अडकलेला नसेल तर दार-खिडक्या बाहेरून उघडायच्या, सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्यायचं आणि थांबायचं. ज्याच्या छातीत वायू गेलाय त्याचे कपडे बदला, डोळे पंधरा मिनिटं पाण्यानं धुवा, आणि ‘आता बरं वाटते’ म्हणाला तरी घरी पाठवू नका. क्लोरीननं फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागू शकतात. डॉक्टरांच्या नजरेखाली एक रात्र ठेवा.

मावशींचा खोकला. महिनाभर खोकला म्हटल्यावर आपल्या भागात पहिलं काम थुंकी तपासणं, आधी टीबी नाही ना ते बघा. ते नसेल तर त्यांना विचारा, सुट्टीच्या दिवशी, माहेरी गेल्या की, खोकला कमी होतो का? कामावर आल्यावर दोन-तीन तासांत पुन्हा छाती भरते का? असं असेल तर कामामुळे झालेला दमा डोक्यात ठेवून डॉक्टरांना दाखवा, आणि निदान होईपर्यंत त्यांना ब्लीच आणि सायडेक्स दोन्हींपासून लांब ठेवा. कंत्राटी मावशी तक्रार करत नाहीत, काम जाईल म्हणून. त्यामुळे विचारायचं तुम्हालाच.

थोडक्यात तुमच्यापुरतं: हायपोक्लोराइटला आधी डब्याची टक्केवारी, मग ओटा, काठी आणि चष्मा, सायडेक्सला आधी ऑटोक्लेव्ह, मग झाकण आणि खिडकी, आणि तरीही उरलंच तर ऑरगॅनिक व्हेपरच्या डबीचा मास्क.

समितीपुढे मागणी ठेवाल तेव्हा नुसतं ‘एन-९५ मास्क, ५० नग’ असं लिहू नका, तेच पुन्हा येतील. ऑटोक्लेव्हची रिंग १, झाकणाचा ट्रे १, लिटरचं माप १, बाजूनं बंद चष्मे ३, जाड रबरी हातमोजे, नायट्राइलचे मोजे, अशी यादी करा. मास्क लिहायचाच झाला तर साइझसकट लिहा, कारण बायकांच्या चेहऱ्याला पुष्कळदा लहान साइझ लागतो आणि दुकानात मध्यमच असतो. पण ती ओळ लिहायच्या आधी मला एवढं कळवा, की त्या ट्रेमध्ये नेमकं काय ठेवता आणि वर्षाला शिबिरं किती होतात. त्यावर दोन मास्क घ्यायचे की एकही नाही, ते ठरेल.